खोलीला पंधरावं सरलं

ग्रिसेल्दा अम्पूदियाला माणसांचा हिशेब ठेवायची खोड होती. पैशांचा नव्हे. अडीनडीला कोण धावून आलं, ऐन वेळी "माझी आज परीक्षा आहे गं" म्हणून कोण सटकलं, कोणाच्या आईने कोणाला डबा पाठवला आणि तो रिकामा परत गेला की भरून, हे सगळं तिच्या डोक्यात खाती पाडून मांडलेलं असे. ती हिशेबशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला होती, पण ही विद्या काही विद्यापीठाने शिकवलेली नव्हती. विद्यापीठ फक्त तिचं प्रमाणपत्र देणार होतं.

त्यामुळे मावसबहीण नोएमी एका सकाळी कासितात येऊन "मी चालले" म्हणाली, तेव्हा ग्रिसने आधी तिच्याकडे पाहिलं नाही, मनातल्या खात्याकडे पाहिलं. एक वजा होत होती, आणि तीही आपल्या खात्यातली.

"कुठे? लायब्ररीत?"

"घरी."

"दर शुक्रवारी जातेसच की. आज बुधवार आहे."

"तसं नाही गं. कायमची."

कासिता म्हणजे विद्यार्थी संघाच्या तळघरातली, बॉयलरला खेटून असलेली खोली. लॅटिनो पोरांना ती मिळाली तेव्हा कोणालाच नको होती. नेब्रास्काचा वारा हाडात शिरायला लागला की सगळ्या विद्यापीठात तेवढीच एक जागा खरी उबदार, हे नंतर कळलं आणि मग ती सगळ्यांना हवीशी झाली. पण तोवर भिंतीवर ग्वादालूपेची मेरी लागली होती, आणि तिला खाली उतरवायची हिंमत कोणाची? दोन सोफे, एक मायक्रोवेव्ह, आणि दुपारी त्या मायक्रोवेव्हपुढे चर्चबाहेर लागावी तशी रांग. एका सोफ्यावर फिदेन्सिओ कायमचा पसरलेला असे. तो शेतकी शाखेचा. त्याची शेती बहुधा सोफ्यावरच चाले.

"ऐक," ग्रिस म्हणाली, "पहिलं वर्ष सगळ्यांनाच जड जातं."

"जड नाही जात. हलकंच जातं, तेच तर." नोएमी उभीच होती, बसली की राहावं लागेल अशा बेताने. "प्रयोगशाळेत सगळे आपापले जोडीदार धरून मोकळे होतात. मग सर म्हणतात, तू त्या तिघांच्यात जा. ते तिघं सरकून जागा देतात. चांगली पोरं आहेत. पण सरकून देतात. हावरकॅम्प सर मला नॅन्सी म्हणतात, मी ओ देते. जेवते खोलीत. मी उद्यापासून आले नाही, तर इथे कोणाचं काय अडणार आहे?"

"मग इथे येऊन बस की."

"इथे तुम्ही सगळे आधीपासूनचे. तुम्ही हसता ते मला कळतं गं, पण दोन सेकंद उशिरा. तोवर तुमचं हसून झालेलं असतं."

फिदेन्सिओने सोफ्यावरून मान उचलली. "मलासुद्धा उशिराच कळतं. मी आधी हसून घेतो."

"तू गप्प बस," ग्रिस म्हणाली. "मावशीला सांगितलंस?"

"अजून नाही."

ग्रिसचा जीव भांड्यात पडला. कारण एलोदिया मावशी हे प्रकरणच वेगळं होतं. नवरा गेल्यापासून तिने मांसाच्या कारखान्यात उभं राहून ही एकुलती एक पोर वाढवली. तोंडाने म्हणायची, "शिक, माझ्यासारखी सुरी धरू नकोस." पण तोंड एक सांगे आणि हात दुसरंच. शिक म्हणता म्हणता पोरीला असं कवटाळून धरे की सोडवायला दोघं लागावेत. पोहोचवायला आली तेव्हा निघताना म्हणाली होती, "नुसतं रडू आलं तरी फोन कर. मी ट्रक घेऊन येते." आणि ग्रिसने छातीवर हात ठेवून शब्द दिला होता, "मावशी, ही माझी जबाबदारी." आता या पोरीने फोनवर एक हुंदका दिला, की मावशीचा लाल ट्रक दुपारभराचा रस्ता एका दमात कापून दाराशी उभा राहणार, आणि ग्रिसचा शब्द त्याच ट्रकच्या चाकाखाली.

वाट निघाली ती फिदेन्सिओच्या आळसातून. दाराला डीनच्या कचेरीने चिकटवलेला एक कागद होता. कासिताला या महिन्यात पंधरा वर्षं पूर्ण होत असल्याने छोटासा केक कापण्यात येईल, आणि सोबत एक पाहणी: 'तुम्हाला इथे आपलेपणा वाटतो का? एक ते पाचमध्ये सांगा.' फिदेन्सिओने तो सोफ्यावरूनच मोठ्याने वाचला आणि म्हणाला, "पंधरा वर्षांची झाली म्हणजे घोडी झाली की ही खोली! हिचं किन्से करायला पाहिजे."

तो विनोद करून मोकळा झाला. पण ग्रिसकडे विनोद वाया जात नसे. तिने तो उचलून जमेला लावला.

पोरगी पंधराची झाली की तिचं किन्से होतं: घेरदार झगा, मुकुट, सपाट बूट काढून पहिले उंच टाचांचे बूट, सोबतीच्या पोरांच्या, म्हणजे 'राजपुत्रांच्या', रिंगणात वॉल्ट्झचा नाच, आणि मग सगळ्या गावाला जेवण. आणि हे सगळं कोणतंच घर एकट्याने करत नाही. मुकुट एकाचा, बूट दुसऱ्याचे, केक तिसऱ्याचा. ज्याने जे उचललं तो त्याचा पाद्रिनो, बाई असली तर माद्रिना. पोरीने स्वतः दारात जाऊन त्यांना गळ घालायची असते. आणि एकदा तो 'हो' म्हणाला, की पोरीचा पाठीराखा झाला आणि तिच्या आईचा कोम्पाद्रे. म्हणजे जवळजवळ व्याहीच, फक्त मध्ये लग्न नाही. आणि व्याह्यांसारखंच हे नातंही एकदा घेतलं की दुकानात परत करता येत नाही.

ग्रिसचं गणित सोपं होतं. ज्या पोरीचा इमारतीगणिक एकेक पाद्रिनो, ती गाव सोडून जाईलच कशी?

"खोलीचं किन्से करू," तिने जाहीर केलं. "पण खोली काही वॉल्ट्झ करणार नाही. खोलीच्या वतीने झगा घालायला पोरगी पाहिजे."

नोएमीने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी कोंबडी पातेल्याकडे पाहते. "मी नाही."

"तुझा झगा अजून कपाटातच आहे ना?"

हे मात्र कमरेखाली होतं, आणि ग्रिसला ते माहीत होतं. नोएमीला पंधरावं सरलं ते नेमकं करोनाच्या साली. हॉल बंद, चर्च बंद, झगा शिवून तयार. फिकट जांभळा, खाली फेसासारख्या झालरी. तेव्हापासून तो प्लास्टिकच्या पिशवीत लटकत होता, आणि कपाट उघडताना नोएमी तो बाजूला सारून मागचा कोट काढायची.

तिने भिंतीवरच्या मेरीकडे पाहिलं. मग म्हणाली, "एका अटीवर. त्या दिवशी आई ट्रक घेऊन येणारच, भांडी आणायला. त्याच ट्रकमधून मी सामानासकट परत जाणार. आईला मीच सांगणार, सगळं आटपल्यावर. तू मध्ये पडायचं नाहीस."

"मी कशाला मध्ये पडू?" ग्रिस म्हणाली. ती दुसऱ्यांना पाडणार होती.

बुटांसाठी दोघी गेल्या त्या थेट डीन लिंडक्विस्टकडे. डीन म्हणजे उंच, फिकट, भला माणूस. आपलेपणा वाढावा म्हणून त्याने आजवर दोन समित्या नेमल्या होत्या, आणि त्या समित्यांच्या सभासदांतसुद्धा आपलेपणा वाढला नव्हता. कोणी काही मागितलं की 'निश्चितच' म्हणायची त्याला सवय होती. आणि ग्रिसने ती सवय फार पूर्वीच टिपून ठेवलेली.

नोएमीने मान खाली घालून, पाठ केल्यासारखं विचारलं, "तुम्ही माझ्या बुटांचे पाद्रिनो व्हाल का?"

"निश्चितच. म्हणजे... काय करायचं असतं?"

"बूट घ्यायचे, आणि त्या दिवशी यायचं," ग्रिस म्हणाली. येऊन काय करायचं ते तिने सांगितलं नाही. त्याने विचारलं असतं तर सांगितलं असतं.

"माप काय तुझं?" डीनने पेन काढलं.

नोएमीने माप सांगितलं. टाच किती उंच असावी तेही सांगितलं. मग विचारल्यावर रंगही सांगितला, आणि रंगाच्या वेळी तिची मान वर आलेली होती. इथे आल्यापासून तिला लोकांनी पुष्कळ काही समजावून सांगितलं होतं; तिच्याखेरीज कोणालाच ठाऊक नाही असं काही तिला पहिल्यांदाच विचारलं जात होतं.

केकसाठी रसायनाचे हावरकॅम्प सर. टायवर नेहमी काहीतरी सांडलेलं, आणि ते प्रयोगशाळेतलं की जेवणातलं हे सांगणं कठीण.

"ये नॅन्सी," ते म्हणाले.

"नॅन्सी नाही सर, नोएमी," ग्रिसने मागून टोचलं.

सरांनी चष्मा काढला. "दोन महिने मी चुकीचं नाव घेतोय? मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही घाईत होता," नोएमी म्हणाली.

सर इतके ओशाळले की केक म्हटल्यावर त्यांनी किती मजली एवढंच विचारलं. बाहेर आल्यावर दाराशी थांबलेला फिदेन्सिओ म्हणाला, "लाजेपोटी मिळालेला केक नेहमी मोठा असतो." तसाच तो पुढे निघालाही. मुकुट ग्रंथालयाच्या काउंटरवरच्या बाईंनी घेतला, पुष्पगुच्छ मुदपाकखान्याने, आणि आठवडाभरात नोएमीला एका इमारतीतून दुसरीत जाताना इतक्या जणांना हात करावा लागू लागला, की ती तासाला उशिरा पोहोचायला लागली. ग्रिस मनातल्या मनात जमा मांडत होती. सगळं अगदी बेतासारखं चाललेलं. फक्त एक दिवस फिदेन्सिओने नोएमीच्या खोलीत डोकावून बातमी आणली.

"भरलेली खोकी?" ग्रिसने विचारलं. "कमी झाली?"

"नाही. एक वाढलंय."

ग्रिसने जमेची बाजू पुन्हा मांडून पाहिली. इतके पाद्रिनो बांधले, तरी पोरगी सुटतेच आहे. हिशेबात काहीतरी राहत होतं आणि काय ते तिला सापडेना.

मग तालमी सुरू झाल्या. राजपुत्र म्हणून ग्रिसने हाती लागतील ते ओढून आणले: फिदेन्सिओ, कासितातली चार पोरं, आणि प्रयोगशाळेतले ते सरकून जागा देणारे तिघं. त्यांचा म्होरक्या कोल्बी, मक्याच्या शेतातून थेट विद्यापीठात आलेला, दारातून आत येताना डोकं वाचवणारा. शिकवायला ग्रिस स्वतः उभी राहिली. ग्रिसला जगातलं सगळं येत होतं, फक्त ताल येत नव्हता. पहिल्याच संध्याकाळी रिंगणाचा चौकोन झाला, चौकोनाचा ढीग झाला, आणि ढिगातून कोल्बीचा आवाज आला, "सॉरी, हा पाय कोणाचा?"

नोएमी कोपऱ्यातल्या बाकावर बसून बघत होती. चुलत, मावस, आते मिळून जेवढ्या बहिणी होत्या, त्या सगळ्यांच्या किन्सेत ती मागच्या रांगेत नाचलेली. वॉल्ट्झ तिच्या हाडात होता. चुकीचा पाय पडला की तिला दाताखाली खडा आल्यासारखं व्हायचं. ती आधी डोळे मिटून बसली. मग कान झाकून बसली. मग उठली.

"थांबा!"

आवाज तिच्या आईचा होता. कारखान्यात यंत्रांवरून पलीकडच्या टोकाला ऐकू जावा म्हणून कमावलेला. नोएमीच्या घशात तो इतकी वर्षं घडी घालून ठेवलेला होता, हे कोणालाच माहीत नव्हतं, तिलाही नाही.

"कोल्बी, तो मुलीचा हात आहे, नांगर नाही. हलका धर. फिदेन्सिओ, पोट आत. एवढं नाही, मरशील. ग्रिस, तू बाहेर बस."

"मी?"

"तू मोजू नकोस. तू मोजलंस की सगळे चुकतात."

ग्रिस बाहेर बसली. दुसऱ्या दिवशी नोएमी तालमीला सगळ्यांच्या आधी हजर. तिसऱ्या दिवशी एका राजपुत्राला तिने जिन्यात गाठून पाऊल शिकवलं. शुक्रवार आला. गावाकडे जाणारी गाडी विद्यार्थी संघापुढे भोंगा वाजवून वाजवून थकली आणि तिला न घेताच गेली, कारण कोल्बीला अजून डावीकडून वळता येत नव्हतं. ग्रिसने ते पाहिलं आणि ताकास तूर लागू दिली नाही.

किन्सेचा शनिवार उजाडला तोच तीन गाड्या घेऊन. पुढे लाल ट्रक, मागे नातेवाईक. एलोदिया मावशी उतरली. ठेंगणी, रुंद, केसांना ताजा कलप, कडेवर शिवणाची पेटी. झगा थोडा सैल करायला हवा होता. तो तिने पोरीच्या खोलीतच तोंडात टाचण्या धरून केला. त्यामुळे त्या वेळात तरी ती काही बोलू शकली नाही, आणि ग्रिसने तेवढा वेळ देवाचे आभार मानले.

विद्यार्थी संघाच्या हॉलमध्ये विद्यापीठाने मोजून खुर्च्या मांडल्या होत्या. त्या आत्यांनाच पुरल्या. बाकीचे भिंतींना लागले, पोरं टेबलांखाली गेली, पोसोलेच्या मटणरश्शाची पातेली आणि मक्याच्या पानात उकडलेल्या तमालेसचे ढीग मांडले गेले, आणि ज्या डीनच्या कचेरीने 'हलका अल्पोपाहार' असं छापलं होतं तिच्या माणसांच्या हातात वाडगे देऊन त्यांना आग्रह सुरू झाला. मग मावशीने पदर खोचावा तशी कोपरं बाहेर काढली आणि विचारलं, "माझे कोम्पाद्रे कुठे आहेत?"

इथे ग्रिसची चूक उघडी पडायला लागली. पोरीला पाद्रिनो जोडायच्या नादात, ते मावशीलाही जोडले जाणार हे तिने हिशेबात धरलंच नव्हतं. आणि त्या बिचाऱ्यांना तर कोणी काही सांगितलेलंच नव्हतं.

हावरकॅम्प सर तीन मजली केकजवळ पहारा देत उभे होते. मावशीने त्यांना मिठी मारली. सरांनी हात कुठे ठेवावेत ते न कळून ते वर धरले.

"कोम्पाद्रे! पोरगी रसायनात कशी आहे?"

फिदेन्सिओने भाषांतर केलं. सर लाल झाले. "नियमाप्रमाणे मी फक्त विद्यार्थिनीलाच सांगू शकतो."

"मी काय पेपर फोडायला सांगितलाय? घरच्या माणसाला विचारलं पोर कशी आहे, तर तो मला नियम वाचून दाखवतो!"

"त्या म्हणतात, केक फार सुंदर आहे," फिदेन्सिओ म्हणाला.

"असं नाही म्हणाली ती," मागून नोएमीचा आवाज आला. फिकट जांभळ्या झग्यात ती दारातून आडवी आत येत होती. सरळ मावत नव्हती.

सरांनी घसा साफ केला. "हुशार आहे. पण शेवटच्या रांगेत बसते, आणि विचारत काही नाही."

"मागे बसते, कारण पुढे या म्हणून कोणी हाक मारत नाही. आता तुम्ही तिचे पाद्रिनो. सोमवारपासून पुढे बसवा."

"सोमवारपासून," सर एखाद्या शाळकरी पोरासारखे म्हणाले.

"आई, सोमवारी मी तर..." नोएमी म्हणाली आणि तिथेच थांबली. वाक्य पुरं झालं नाही. ग्रिसने श्वास रोखून धरला होता तो अर्धाच सोडला.

फिदेन्सिओने माइक घेतला. मधोमध खुर्ची ठेवली, नोएमी बसली, आणि झग्याचा घेर खुर्चीभोवती असा पसरला की खुर्ची दिसेनाशी झाली. एरवी हा मान बापाचा. आज डीन लिंडक्विस्ट हातात खोकं धरून उभा होता, आणि ते कोणाच्या हातात द्यायचं हे शोधत होता.

"वाकायचंय डीनसाहेब," ग्रिस कुजबुजली. "गुडघ्यावर. तिचे जुने काढायचे, हे घालायचे."

"मी?"

"निश्चितच."

डीन गुडघ्यावर बसला. त्याने सपाट बूट काढले, बाजूला नीट जोडून ठेवले, नव्याचा बंद चुकीच्या भोकात घातला, काढला, पुन्हा घातला. त्याचे कान पेटले होते. घरी दोन मुलगे. मुलीच्या बुटाचा बंद लावायची वेळ त्याच्यावर आली नव्हती. दुसरा बूट लावून झाला तेव्हा त्याने वर पाहिलं आणि खरंच काळजीने विचारलं, "लागत नाही ना कुठे?"

"नाही," नोएमी म्हणाली. एवढंच, पण आत्यांनी रुमाल काढले.

मग डीन उठायला गेला आणि उठता येईना. गुडघा धरला होता. त्याने एकदा प्रयत्न केला, दोनदा केला, आणि शेवटी खुर्चीला धरून सभ्यपणे तसाच बसून राहिला, जणू त्याला तिथेच बरं वाटतंय. कोल्बी आणि त्याचे दोघे दोस्त पुढे आले आणि चिखलात रुतलेलं वासरू काढावं तसं त्यांनी त्याला काखेत धरून उचललं. हॉलचं छप्पर उडेल एवढा हशा झाला. "पडू दे, पडू दे," मावशी ओरडली, "घरात सगळेच पडतात!"

त्याच हशात वॉल्ट्झ सुरू झाला आणि कोणीतरी डीनलाही रिंगणात ढकललं. आणि मग काय विचारता! डीन उजवीकडे, रिंगण डावीकडे. कोल्बीने वाट द्यायला मागे पाऊल घेतलं ते झालरीवर. फिदेन्सिओ त्याच्यावर, केकचं टेबल थरथरलं, हावरकॅम्प सरांनी वरचा मजला दोन्ही हातांनी धरला.

"थांबा! गाणं बंद!"

गाणं बंद झालं. टेबलाखालची पोरंसुद्धा गप्प. मुकुट एका कानावर, झगा एका हातात गोळा करून नोएमी मधोमध उभी.

"किती वेळा सांगितलं? डावा! डीनसाहेब, तो उजवा. हा. हा डावा. माझ्याकडे बघा, पायाकडे नको. फिदेन्सिओ, ऊठ, ती झोपायची जागा नाही. कोल्बी, कालपर्यंत येत होतं तुला, आज आई आली म्हणून माझी अब्रू काढतोस? हावरकॅम्प सर, केक सोडा, एक जण कमी आहे, या. सोडा म्हटलं ना! पडला तर पडला. पुन्हा पहिल्यापासून!"

कोणी हसलं नाही. डीनने मान डोलावली, सरांनी केक सोडला, केकसुद्धा पडला नाही. आणि दुसऱ्या खेपेला रिंगण फिरलं. चाकासारखं नाही, पण बैलगाडीच्या चाकासारखं नक्कीच. खडखडत, हेलकावत, पण पुढे.

मावशीने ग्रिसचा दंड धरला होता. तो आता दुखायला लागला होता.

"ही कधीपासून अशी ओरडते?"

"दोन-तीन आठवडे."

"माझ्या घरात तर ब्र काढत नाही." मावशी बघत राहिली. डोळे भरून आले होते आणि रागही आला होता. दोन्ही एकाच चेहऱ्यावर मावत होतं. "पाहुणीला ओरडता येत नाही, ग्रिस. ओरडायला घर आपलं लागतं."

तेव्हा ग्रिसला तिच्या हिशेबात राहिलेलं काय ते दिसलं. तिने सगळं त्या पोरीच्या पदरात टाकायचं ठरवलं होतं: बूट, मुकुट, केक, माणसं. पोरीकडून काही घ्यायचं तिला सुचलंच नव्हतं. ते कोल्बीच्या डाव्या पायाने आपसूक केलं.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "एक सांगायचंय. तिने खोकी भरून ठेवलीत. आज तुझ्या ट्रकमधून..."

"माहीत आहे. झगा सैल करताना माझं तोंड बंद होतं, डोळे नव्हते. पलंगाखाली बघितली." मावशीने ग्रिसचा दंड सोडला. "आणि त्याच्याही आधी फोनवर आवाजावरून कळलं होतं. ट्रकची मागची बाजू मी मुद्दाम रिकामी ठेवली. भांडी सगळी दिराच्या गाडीत घातली. आनंदाने आले गं मी. सगळा रस्ता गात आले."

हे कोणत्या खात्यात मांडायचं ते ग्रिसला ठाऊक नव्हतं.

उन्हं कलली तशी पातेली रिकामी झाली आणि निरोपांना सुरुवात झाली, म्हणजे अजून तासभराची निश्चिंती. ट्रकपाशी कोल्बी आणि दोस्त खोकी घेऊन आले. कोणीतरी जड काही उचलताना दिसलं की ती पोरं विचारल्याशिवाय हात लावत.

"हे सगळं कुठे चाललंय?" एक खोकं चढवायला उचलत कोल्बीने विचारलं.

"घरी," नोएमी म्हणाली.

"आणि मंगळवारी परत? थँक्सगिव्हिंगला माझ्या बहिणीचं लग्न आहे. तू म्हणालीस, तिथल्या नाचासाठी मंगळवारपासून शिकवशील. मी तिला सांगूनसुद्धा बसलोय."

नोएमीने ट्रककडे पाहिलं. मुकुट अजून एका कानावरच होता. "आई, मला तुला काही..."

"खोकी चढवू नका रे," मावशी एकदम म्हणाली. "मागचं टायर गेलंय. वजन झेपायचं नाही."

सगळ्यांनी टायरकडे पाहिलं. टायर नवंकोरं होतं. नोएमीने उंच टाचेच्या बुटाने त्याला एक लाथ मारली. टायर हललंसुद्धा नाही.

"टायर चांगलं आहे आई," ती म्हणाली. "मीच येत नाहीये."

"मग आधी सांगायला काय झालं होतं!" मावशी कडाडली. रडत होती, हसत होती, आणि कोल्बीच्या हातातलं खोकं हिसकावून खाली ठेवत होती. "एवढी जागा रिकामी ठेवली मी! रिकामा ट्रक घरी नेऊ? शेजारी काय म्हणतील?" तिने चारी बाजूंना पाहिलं आणि नजर ग्रिसवर येऊन टेकली. "तू चल."

"मी? मावशी, सोमवारी माझी—"

"तुझी आई उन्हाळ्यापासून तुझं तोंड फोनवर बघतेय. बस आत."

"पण इथे आवरायचं..."

"ते मी बघते," नोएमी म्हणाली. तिने ग्रिसला दारातून आत लोटलं, झग्याचा घेर आवरून पट्टा लावून दिला आणि दार आपटलं. "मंगळवारी तालीम आहे. उशीर केलास तर बघ!" मग ती वळली आणि लगेच तिचा आवाज पुन्हा चढला, कारण फिदेन्सिओ एका खोक्यावर बसला होता. मागे डीन लिंडक्विस्ट एका हातात गुडघा आणि दुसऱ्या हातात तमालेसची पिशवी धरून उभा होता, आणि हात करायला त्याच्याकडे तिसरा हात नव्हता.

ट्रक गावाबाहेर पडला. मक्याची कापलेली शेतं दोन्ही बाजूंनी पळायला लागली. मावशीने नाक पुसलं आणि आरशात केस बघितले.

"तो केकवाला," ती म्हणाली. "हावर... काय ते. बायको आहे त्याला?"

ग्रिसला सगळ्यांचंच ठाऊक असे. "नाही. विधुर आहेत, चार वर्षं झाली. पण मावशी! ते तुझे कोम्पाद्रे. कोम्पाद्रेशी लग्न नाही करत कोणी, पाप लागतं."

मावशीने ब्रेक असा दाबला की मागची रिकामी जागा खणखणली.

"मग त्याला केकचा पाद्रिनो करायला तुला सांगितलं कोणी?"